घरच्या हळदीनें व परसांतल्या फुलांनीं मातीची परीक्षा

मुका मार लागला असतां हळद व चुना एकत्र कालवून त्याचा लेप देण्याची चाल आपल्याकडे घरोघरीं आहे. पिवळ्या हळदींत ओला चुना मिसळतांच तें मिश्रण तांबडेंलाल होतें, हें लहान मुलांसही ठाऊक असतें. धोतरावर पडलेला हळदीचा डाग साबण लागतांच तांबडा होतो आणि त्यावर लिंबू पिळलें कीं पुन्हां पिवळा होतो, हेंही घरांतील बायकांच्या नित्य पाहण्यांतलें आहे. परंतु रंगाचा हाच पालट आपल्या शेताच्या मातीविषयीं कांहीं सांगूं शकतो, ही गोष्ट फार थोड्या शेतकऱ्यांच्या ध्यानांत आलेली दिसते. ज्या गांवीं हळद शेतांतच पिकते, तेथील शेतकऱ्यानें तरी तिच्या या गुणाचा उपयोग करून घ्यावा, एवढ्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

अर्धापूर व त्याच्या आसपासच्या गांवीं केळी, हळद आणि नागवेलीचे पानमळे हीं बागाइती पिकें प्रसिद्धच आहेत. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पांतील इसापूर धरणाचें पाणी कालव्यांनीं या बाजूस आलें आणि बागाइतास मोठा आधार झाला. पाण्याबरोबर शेतांत लक्ष्मी आली हें खरें. पण जेथें काळी जमीन भारी, उतार कमी व निचरा नाहीं, तेथें त्याच पाण्याच्या पाठोपाठ क्षारही वर आले. अशा ठिकाणीं पीक पिवळें पडूं लागलें म्हणजे शेतकरी घाबरतो, आणि जो जें सांगेल तें औषध मातींत घालूं लागतो.

आम्हीं स्वतः केलेली अशी एक चूक येथें सांगतों. आमच्या केळीच्या बागेंतील सखल भागांत नवीं पानें पिवळीं पडूं लागलीं. शिरा तेवढ्या हिरव्या राहात. उन्हाळ्यांत सरीच्या वरंब्यावर पांढरट पापुद्रा दिसे. जमिनीस चुना दिल्यानें ती सुधारते, असें आम्हीं कोंकणांतील भातशेतीसंबंधींच्या एका पत्रकांत वाचलें होतें. आम्हीं फारसा विचार न करितां वीस गुंठ्यांत चुना पसरला. पुढील हंगामीं पानें अधिकच फिकट झालीं. मग मातीचा नमुना तपासून घेतला, तेव्हां कळलें कीं आमच्या मातींत चुना आधींच भरपूर होता आणि तिचा सामू ८.७ होता. कोंकणची जांभ्याची जमीन आंबट, म्हणून तिला चुना मानवतो. आमची जमीन आधींच उलट टोंकास गेलेली, तिला तोच चुना अपायकारक झाला. चुना टाकण्यापूर्वीं घरांतील चिमूटभर हळदीची साक्ष काढली असती, तर ही चूक व तो खर्च दोन्ही टळलीं असतीं.

आम्ल, अल्क आणि सामू

लिंबू, चिंच, ताक यांस आंबट चव ज्या द्रव्यांमुळें येते, त्यांस आम्ल म्हणतात. चुन्याची निवळी, राखेचें पाणी, पापडखार, धुण्याचा सोडा हीं याच्या उलट धर्माचीं. तीं बोटांस बुळबुळीत लागतात. त्यांस अल्क म्हणावें. माती-परीक्षणाच्या अहवालांत याच अर्थीं ‘विम्ल’ हा शब्द आढळतो. आम्ल व अल्क योग्य प्रमाणांत एकत्र आलीं म्हणजे दोघांचेही गुण मावळतात.

पदार्थ किती आंबट वा किती अल्कधर्मी आहे, हें आंकड्यांत सांगण्याची रीत कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनीं १९०९ सालीं घालून दिली. तिलाच इंग्रजींत पी-एच व मराठींत सामू म्हणतात. सामान्यतः हें माप ० पासून १४ पर्यंत धरतात. ७ हा मध्य. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५, ताकाचा सुमारें ४.५, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सुमारें ८.३ आणि चुन्याच्या दाट निवळीचा १२ हून अधिक असतो. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. या मापांतील एक पायरी म्हणजे दहापट फरक. सामू ७.५ चा ८.५ झाला, तर आंकडा एकानेंच वाढला असें वाटतें. पण अल्कता दहापट वाढलेली असते.

बहुतेक पिकांस ६.५ ते ७.५ सामूची जमीन उत्तम मानवते. आपली काळी जमीन अग्निजन्य काळ्या पाषाणापासून झालेली. तींत चुनखडीचे खडे असतात, म्हणून तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो. तेवढ्यापर्यंत चांगल्या मशागतीनें पिकें निभावतात. सामू ८.५ च्या वर गेला, कीं मातींत सोडियम बळावला असा संशय घ्यावा. सोडियमानें चिकणमातीचे कण सुटे होतात, त्यांच्यांतील पोकळी बुजते, पाणी वरच तुंबून राहतें, आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी टणक होते. हीच चोपण जमीन.

अल्कता वाढल्यानें होणारा दुसरा तोटा लोहाचा. आपल्या मातींत लोह कमी आहे असें नव्हे; पण चढत्या सामूबरोबर तें पाण्यांत विरघळेनासें होतें आणि मुळांस मिळत नाहीं. धान्य घरांत आहे, पण कोठाराची किल्ली हरवली, तशी पिकाची स्थिति होते. नवीं पानें पिवळीं व शिरा हिरव्या, हें त्याचेंच लक्षण. अशा जमिनींत नुसता हिराकस मातींत टाकल्यास तोही लौकरच न विरघळणाऱ्या रूपांत जातो. म्हणून अर्धा टक्का हिराकसाचें पाणी पानांवर फवारणें अधिक उपयोगी पडतें. फवारा आधीं चार-दोन पानांवर करून पाहावा, म्हणजे पानें करपण्याचें भय राहणार नाहीं.

फुलें रंग कां पालटतात

जास्वंदीचा तांबडा, गोकर्णाचा निळा, तांबड्या कोबीचा जांभळा, हे सर्व रंग एकाच कुळांतील द्रव्यांचे आहेत. त्यांच्या रेणूची घडण भोंवतालच्या आम्लानें किंवा अल्कानें थोडी बदलते, आणि घडण बदलली कीं तें द्रव्य प्रकाशांतील निराळा भाग शोषून घेतें; म्हणून आपल्या डोळ्यांस निराळा रंग दिसतो. हळदींतील पिवळें द्रव्य निराळ्या कुळांतलें आहे, पण तत्त्व तेंच.

शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनीं १६६४ सालीं रंगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जांभळ्या फुलांचा पाक आम्लानें तांबडा व अल्कानें हिरवा होतो, हें त्यांनीं त्यांत नमूद केलें आहे. प्रयोगशाळेंतील लिटमस कागदाचा रंगही वनस्पतिसृष्टींतूनच आला. खडकांवर व झाडांवर उगवणाऱ्या एका जातीच्या दगडफुलासारख्या पदार्थापासून तो काढीत. आपल्या काळ्या मसाल्यांत पडतें तें दगडफूल त्याचेंच दूरचें भावंड.

साहित्य कसें तयार करावें

हळदीचा अर्क. हळदीचा रंग पाण्यांत नीट उतरत नाहीं, स्पिरिटांत उतरतो. घरच्या हळकुंडाची एक लहान चमचा पूड अर्धी वाटी स्पिरिटांत भिजवावी, तासाभरानें वरचा पिवळा अर्क फडक्यानें गाळून घ्यावा. त्यांत टीपकागदाच्या पट्ट्या भिजवून सावलींत वाळवाव्या व झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या. हें काम चुलीपासून व दिव्यापासून दूर करावें, कारण स्पिरिट चटकन पेट घेतें. बाजारची पूड घेऊं नये. तींत परका पिवळा रंग मिसळलेला असल्यास परीक्षा फसते.

गोकर्णाचें पाणी. निळ्या गोकर्णाच्या दहा-बारा फुलांच्या पाकळ्या वाटीभर कढत पाण्यांत पंधरा मिनिटें ठेवून गाळाव्या. फुलें सावलींत वाळवून ठेवलीं तर वर्षभर कामास येतात.

जास्वंदीचें पाणी. तांबड्या जास्वंदीच्या पांच-सहा फुलांच्या नुसत्या पाकळ्या घेऊन वरील रीतीनेंच करावें. हें पाणी त्याच दिवशीं वापरावें, दुसऱ्या दिवशीं तें बिघडतें.

आतां तुलनेसाठीं कांचेचे चार पेले मांडावे. पहिल्या तिहींत बॅटरींत घालतात तें शुद्ध पाणी घ्यावें. त्यांपैकीं एकांत लिंबाचे चार थेंब टाकावे. दुसऱ्यांत कांहींच घालूं नये. तिसऱ्यांत खाण्याचा सोडा लहान चमचाभर विरघळवावा. चौथ्यांत चुन्याची निवळी घ्यावी. प्रत्येकांत गोकर्णाचें पाणी सारखेंच, थोडें थोडें घालावें. पहिला जांभळट, दुसरा निळा, तिसरा हिरवट झांकेचा निळा व चौथा हिरवा दिसेल. चौथ्याचा रंग पुढें पिवळटही होत जातो. हळदीच्या अर्काचे थेंब टाकून दुसरी एक रांग केली, तर पहिले दोन पिवळे, तिसरा नारिंगी झांकेचा आणि चौथा लाल होईल.

या सर्वांत तिसरा पेला फार महत्त्वाचा आहे. खाण्याचा सोडा थोडा पडो वा अधिक, त्याच्या ताज्या, थंड पाण्याचा सामू ८.३ च्या आसपासच राहतो. चोपणपणाची शंका घेण्याची जी हद्द ८.५ म्हणून सांगितली, तिच्या अगदीं शेजारचाच हा टप्पा. हळदीचा रंगही साधारण ७.४ ते ८.६ या दरम्यानच पिवळ्याचा तांबडा होतो. म्हणजे आपल्या जमिनीस जी हद्द जपावयाची, तिच्यावरच नेमका पहारा करणारा रखवालदार देवानें आपल्या शेतांत पिकविला आहे. सोड्याचें पाणी मात्र उकळूं नये. उकळल्यास त्याचा धुण्याचा सोडा बनूं लागतो व सामू चढतो.

मातीची परीक्षा

एकाच जागची माती घेऊन सबंध शेताचा निवाडा करूं नये. वरचा पालापाचोळा दूर करून आठ-दहा ठिकाणीं वीतभर खोल खड्डे घ्यावे, प्रत्येकाच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी माती काढावी, ती एकत्र करून सावलींत वाळवावी व ढेंकळें फोडून चाळावी. पिवळें पीक व चांगलें पीक यांखालील माती मात्र वेगवेगळी ठेवावी. दोहोंची तुलना करण्यांतच खरा लाभ आहे. नुकतेंच खत टाकलेली जागा, गोठ्याजवळची व बांधालगतची जागा सोडून द्यावी.

एक भाग मातीस अडीच भाग शुद्ध पाणी घालावें. म्हणजे वीस ग्रॅम मातीस पन्नास मिलिलिटर. अर्धा तास अधूनमधून ढवळून मग पेला स्थिर ठेवावा. निवळलेलें पाणी अलगद वेगळें करून त्याचे दोन भाग करावे. एकांत गोकर्णाचे व दुसऱ्यांत हळदीचे थोडेच थेंब टाकावे. अर्क अधिक पडला, तर मातीच्या पाण्याचा स्वतःचा गुण झांकला जातो. मग हे पेले पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडांत, वरील चार पेल्यांशेजारीं ठेवून पाहावे.

रंग साध्या पाण्याशीं जुळला, तर जमीन मध्याजवळ आहे. तिला चुनाही नको व जिप्समही नको. रंग साधें पाणी व सोडा यांच्या दरम्यान पडला, तर ती आपल्या काळ्या जमिनीची नेहमींची प्रकृति समजावी. तेथें शेणखत, हिरवळीचें खत व निचरा यांवर भर द्यावा आणि चुन्याचें नांवही काढूं नये. सोड्याच्या पेल्याहून अधिक हिरवा वा अधिक तांबडा रंग आला, तर चोपणपणाचा दाट संशय घ्यावा व नमुना विनाविलंब माती-परीक्षण प्रयोगशाळेंत पाठवावा. आणखी एक खूण आहे. चांगल्या मातीचें पाणी निवळतें. चोपण मातीचें पाणी तासन्‌तास गढूळच राहतें, कारण सोडियमानें सुटे झालेले कण खालीं बसत नाहींत. रंग पाहण्यापूर्वींच हा गढूळपणा अर्धी गोष्ट सांगून जातो.

या परीक्षेस काय कळत नाहीं

फुलावर फाजील विश्वास ठेवणेंही बरें नव्हे. पाण्यांत साधें मीठ कितीही घाला, फुलाचा रंग बदलत नाहीं. म्हणून जमिनींत विद्राव्य क्षार पुष्कळ असले तरी सामू ८.५ च्या आंत असूं शकतो, आणि फूल गप्प राहतें. अशी जमीन खारवट. तींत मुळांस पाणी शोषण्यास कष्ट पडतात. तिची परीक्षा विद्युत्‌वाहकता मोजूनच होते. वरंब्यावर पांढरा पापुद्रा आहे पण रंग पालटत नाहीं, तर ‘जमीन निर्दोष’ असें न समजतां ‘दोष निराळा आहे’ असें समजावें. खारवट जमिनीस निचरा करून गोड्या पाण्यानें क्षार धुवून काढणें हाच मुख्य उपाय. चोपण जमिनीस त्याच्या जोडीला जिप्सम लागतें. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमास हुसकून लावतें, आणि तो सोडियम पाण्याबरोबर चराच्या वाटेनें निघून जातो. चरच नसेल, तर हुसकलेला सोडियम तेथेंच राहतो व जिप्समचे पैसे वायां जातात. जिप्सम एकरीं किती घालावें, तेंही फूल सांगत नाहीं. तो हिशेब प्रयोगशाळेनेंच करावयाचा. चोपण जमिनींत धैंचा तग धरतो, म्हणून तो पेरून फुलावर येण्याच्या सुमारास गाडणें हितावह आहे.

दुसरी सावधगिरी टाकणखाराची. कुंकू करण्याच्या जुन्या रीतींत हळदीस लिंबाचा रस व टाकणखार देतात आणि ती तांबडी होते. लिंबू आंबट असूनही रंग तांबडा कां, असा प्रश्न पडेल. टाकणखारांतील बोरॉन हळदीच्या रंगाशीं जोडला जाऊन आम्लांतही तांबडा रंग देतो. तेव्हां ज्या भांड्यांत किंवा पंपांत बोरॉनचें खत कालविलें असेल, तेथें हळदीची साक्ष धरूं नये; गोकर्णास विचारावें.

बागाइतांत आणखी दोन उपयोग

पानमळ्यांत मूळकुजीवर व इतर बुरशीजन्य रोगांवर बोर्डो मिश्रण वापरतात. एक टक्क्याच्या मिश्रणास एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व शंभर लिटर पाणी घेतात. चुना जुना, हवेनें मेलेला असेल, तर मिश्रण आंबट राहतें व पानें करपतात. हळदीची पट्टी मिश्रणांत बुडवून पाहावी. ती पिवळीच राहिली तर चुन्याची निवळी आणखी घालावी, किंचित तांबूस झाली म्हणजे चुना पुरेसा पडला. स्वच्छ लोखंडी पातें मिनिटभर बुडवून त्यावर तांब्याचा थर चढतो कीं काय, हें पाहण्याची जुनी खूणही जोडीला करावी. थर चढला तर मिश्रण अजून फवारण्याजोगें नाहीं.

दुसरा उपयोग ठिबकाच्या नळ्यांसाठीं. चुनखडीच्या पाण्यानें तोट्यांत पांढरा थर बसतो व तो काढण्यास पाण्यांत आम्ल सोडतात. प्रत्येक विहिरीच्या पाण्यास आम्ल सारखें लागत नाहीं, म्हणून शेजाऱ्याचें प्रमाण उचलूं नये. आधीं बादलीभर पाण्यांत मोजून आम्ल घालीत जावें व त्यांतील थोडें पाणी पेल्यांत घेऊन जास्वंदीचा अर्क टाकून पाहावा. स्पष्ट गुलाबी रंग येऊं लागला म्हणजे सामू ४ च्या आसपास आला असें समजावें, आणि दुकानांत मिळणाऱ्या सामूच्या कागदानें खात्री करून घ्यावी. आम्ल नेहमीं पाण्यांत ओतावें. पाणी आम्लांत कधींही ओतूं नये. हातमोजे व चष्मा यांवांचून या कामास हात घालूं नये.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं फुलांची परीक्षा ही प्रयोगशाळेची जागा घेण्याकरितां नाहीं. वैद्याकडे जाण्यापूर्वीं घरांतील वडील माणूस कपाळास हात लावून ताप आहे कीं नाहीं तें पाहतो, तसा हा प्रकार आहे. ताप किती व कशाचा, तें वैद्यच सांगेल. पण ताप नसतां काढा पाजण्याची घाई तरी त्यामुळें टळते. आमचे वीस गुंठे अद्याप पूर्ववत् झालेले नाहींत. चर खोदला आहे, अहवालाप्रमाणें जिप्सम दिलें आहे, दोन वेळां धैंचा गाडला आहे. आणि दर उन्हाळ्यांत आम्ही तेथील माती पेल्यांत घालून सोड्याच्या पेल्याशेजारीं ठेवितों. गेल्या खेपेस दोन्ही पेल्यांचा रंग जवळजवळ सारखा दिसला. आमच्या सभासद बंधूंनीं पुढील पावसाळ्यापूर्वीं आपापल्या शेतांतील मातीस एकदां हळदीची साक्ष काढून पाहावी, आणि चुन्याची गोणी फोडण्यापूर्वीं तर ती अवश्य काढावी, अशी आमची विनंति आहे.